पगारातून कापलेले पैसे गेले कुठे?

प्रश्न : मी 2009 पासून मुंबईतल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. अंशदान दरमहा पगारातून कापलं जातं, पण एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) खात्यात गेल्या वर्षीचे पाच महिने दिसतच नाहीत. प्राचार्य म्हणतात, ऑफिसात विचारा. ऑफिस म्हणतं, वरून अडलंय. महाविद्यालय विकास समितीवर आमचे प्रतिनिधी कोण, हेही सूचना फलकावरून कळलं. निवडणूक झालीच नाही. विद्यापीठाच्या अधिसभेला (सिनेटला) मत देऊन तरी उपयोग आहे का?
— एक शिक्षिका, मुलुंड

उत्तर : मॅडम, तुमचं पत्र वाचून मला आमची स्टाफरूम आठवली. मी जुन्या पेन्शनमधली. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागला, म्हणून अंशदान योजनेत, म्हणजे आताच्या एनपीएसमध्ये गेला. वर्ग तेच, पेपर तपासणी तीच. त्याच्यासमोर निवृत्तीचे कागद भरताना मला फार अपराधी वाटलं होतं.

आधी पैशांचं. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचे 10 टक्के तुमचे, 14 टक्के शासनाचे. भरणा रखडला की दोन्ही रकमांवरची त्या काळातली वाढ हातची जाते. पगारपत्रक आणि प्रान (एनपीएसचा कायम खाते क्रमांक) खात्याचा उतारा शेजारी ठेवा, महिनावार रकमा लिहून काढा आणि पत्र प्राचार्यांना द्या, प्रत उच्च शिक्षण सहसंचालकांना. तोंडी काही नको. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

अधिसभेत शिक्षकांचे 10 प्रतिनिधी निवडून जातात. मत जरूर द्या. पण पेन्शनचा निर्णय राज्य शासनाचा. मार्च 2023 मधला जुन्या पेन्शनसाठीचा कर्मचाऱ्यांचा संप सरकारविरुद्ध होता तो त्यामुळेच.

मला खरं लागलं ते समितीचं. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार या समितीवर तीन शिक्षक निवडून यायला हवेत, आणि वर्षात किमान चार बैठका व्हायला हव्यात. परस्पर नावं लावून ती जागा भरता येत नाही. आपला माणूस आत असेल तर रखडलेला भरणा विषयपत्रिकेवर येतो, इतिवृत्तात उतरतो, आणि पुढच्या बैठकीत संस्थाचालकांसमोर त्याचं काय झालं हे विचारता येतं. चार-पाच सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन निवडणुकीची लेखी मागणी याच आठवड्यात करा. तिघांत एक तरी शिक्षिका हवी, असं कायदाच सांगतो. तो उमेदवारी अर्ज तुम्ही भरा.