‘मी ढच आहे’ म्हणणाऱ्या मुलाशी बोलताना

ताई, लेक गणिताची वही भिरकावून “मी ढच आहे, मला काही येत नाही” म्हणतो, तेव्हा “छे रे, किती हुशार आहेस तू!” हे आधी बंद करा. त्याला ते खोटं वाटतं, वर आपलं कुणी ऐकतच नाही असंही वाटतं. “आज अपूर्णांकांनी फारच डोकं खाल्लं ना?” एवढंच म्हणा नि गप्प बसा. नाही बोलला तरी चालेल. राग उतरल्यावर वही उघडून नेमकं कुठे अडलं ते बघा. बहुतेकदा छेद समान करण्याच्या एका पायरीवर घोडं अडलेलं असतं. शेजारच्या मुलाचे मार्क घरात काढू नका, आजीलाही सांगून ठेवा (हे सगळ्यात कठीण!).

मात्र झोप-जेवण बिघडलं, मित्र तुटले, दोनेक आठवडे हेच चाललं, तर समुपदेशक गाठा. “मी नसतो तर बरं झालं असतं” असं काही बोलला, तर मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.