'टॉर्ट रिफॉर्म'ला मराठीत 'सुधारणा' म्हणावे का?

दादरच्या एका अनुवादिकेने विचारले आहे: "अमेरिकेतील नुकसानभरपाईच्या दाव्यांवरील एक लेख मी मराठीत आणत आहे. त्यातील 'टॉर्ट रिफॉर्म'साठी 'अपकृत्य कायदा सुधारणा' हा शब्दप्रयोग बरोबर ठरेल का? आणि 'लॉसूट'ला सरसकट 'खटला' म्हटले तर चालेल का?"

'टॉर्ट'साठी, म्हणजे ज्याबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते अशा हानिकारक कृत्यासाठी, 'अपकृत्य' निःशंकपणे ठेवावे. तो कायद्याच्या मराठीत रुळलेला शब्द आहे. मात्र तो कानाला दुष्कृत्य आणि कुकृत्य यांच्या पंक्तीतला वाटतो, आणि त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे एखादा खलपुरुष उभा राहतो, ही त्याची अडचण आहे. प्रत्यक्षात बहुतेक अपकृत्यांमागे दुष्टावा नसतो, केवळ हयगय असते. रस्त्यावरचा खड्डा बुजवायचा राहून गेला आणि त्यात दुचाकीस्वार पडला, तर कोणी कट रचलेला नसतो. तरीही इजा होते आणि ती कोणाच्या तरी चुकीने होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो अशाच हयगयीची किंमत सांगणारा आहे. म्हणून 'अपकृत्य' हा शब्द 'कुकृत्य'च्या नव्हे, तर 'अपकार'च्या शेजारी ठेवून वाचावा. उपकाराने दुसऱ्याचे भले होते, अपकाराने नुकसान होते. इथे 'अप' या उपसर्गाचा रोख करणाऱ्याच्या मनापेक्षा सोसणाऱ्याच्या हानीकडे अधिक आहे. जाता जाता सांगण्यासारखी गंमत अशी की 'टॉर्ट' ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ पिळलेले, वाकडे असा आहे, आणि आपणही 'मी कोणाचे काय वाकडे केले?' असेच विचारतो.

'खटला' मात्र सरसकट वापरू नये. मी स्वतः एकदा अमेरिकेतील एका गाजलेल्या भरपाईच्या दाव्याला 'कॉफीचा खटला' असे लिहून बसलो होतो. फोर्टातील एका वकील स्नेह्यांनी मजकूर वाचून एवढेच विचारले, "यात आरोपी कोण?" आरोपी कोणीच नव्हता. वर्तमानपत्रे दोन्हींना खटला म्हणतात हे खरे, परंतु काटेकोर लेखनात खटला फौजदारी असतो आणि त्यात फिर्यादी व आरोपी असतात. दिवाणी बाजूला दावा किंवा वाद असतो आणि तिथे वादी व प्रतिवादी असतात. धोबी तलावच्या न्यायालयाचे नाव 'लघुवाद न्यायालय' आहे, 'लघुखटला' नव्हे. एकाच मोटार अपघातातून दोन्ही वाटा कशा फुटतात, हे पाहिले की फरक मनात पक्का बसतो. पोलिसांच्या कागदात चालकाने 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात' वाहन चालवल्याचे ठरावीक वाक्य येते आणि त्यावर खटला उभा राहतो. जखमी माणूस पैशांसाठी जातो तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, आणि तिथे तो दावा दाखल करतो. 'दावा' या शब्दालाही स्वतःचा इतिहास आहे: 'उभा दावा' म्हणजे वैर, आणि बातमीत 'मंत्र्यांचा दावा' म्हणजे नुसते विधान. जिथे घोटाळा होण्याची शक्यता असेल तिथे 'भरपाईचा दावा' असे लिहावे. ('खटल्याचे घर' म्हणजे माणसांनी भरलेले मोठे कुटुंब, हा अर्थ आता मागे पडत चालला आहे, याची मला हळहळ वाटते.)

आपल्या लेखात 'प्युनिटिव्ह डॅमेजेस', म्हणजे जरब बसावी म्हणून भरपाईखेरीज लावलेली रक्कम, निश्चित येतील, आणि तिथे 'दंडात्मक भरपाई' ही जोडी मला खटकते. भरपाई म्हणजे भरून मिळणे. जुन्या पावत्यांतील 'भरून पावलो' हे शब्द त्याच कुळातले. जेवढे गेले तेवढे परत आले की भरपाई संपते. कॉफीच्या त्याच प्रसिद्ध दाव्यात, १९९४ साली न्यू मेक्सिकोतील ज्यूरीने मांडीवर कॉफी सांडून गंभीर भाजलेल्या ७९ वर्षांच्या बाईंना २ लाख डॉलर भरपाई ठरवली, त्यातून त्यांच्या स्वतःच्या २० टक्के चुकीपोटी ४० हजार वजा केले, आणि वर मॅकडॉनल्ड्सला जरब बसावी म्हणून २७ लाख डॉलर निराळे लावले. न्यायाधीशांनी ही दुसरी रक्कम ४ लाख ८० हजारांवर आणली आणि पुढे उभयपक्षी तडजोड झाली. पहिली रक्कम भरपाई आहे. दुसरी भरपाई नव्हे. तिला दंडही म्हणता येत नाही, कारण दंड सरकारजमा होतो आणि ही रक्कम वादीच्या हाती पडते. 'दंडात्मक नुकसानी' हा पर्याय त्यातल्या त्यात बरा.

आता मुख्य शब्दाकडे येतो. 'सुधारणा' कायद्याच्या मराठीत दोन कामे करते. 'सुधारणा विधेयक' म्हणताना ती केवळ दुरुस्ती असते, चांगली किंवा वाईट. पण ज्या भाषेत आगरकरांनी १८८८ साली आपल्या पत्राला 'सुधारक' हे नाव दिले, त्या भाषेत 'सुधारणा' म्हटले की आधीचे काहीतरी बिघडलेले होते, हे वाचक न सांगता मान्य करून टाकतो. 'टॉर्ट रिफॉर्म' ही अशा दाव्यांतील भरपाईला मर्यादा घालण्याची मोहीम आहे, आणि अमेरिकेत तिच्यावरचा वाद नेमका त्याच मुद्द्यावर आहे. कॅलिफोर्नियाने १९७५ साली वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांत वेदना आणि मनस्तापापोटी मिळणाऱ्या रकमेवर अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा घातली, आणि ती २०२३ पर्यंत तशीच राहिली. डॉक्टर आणि विमा कंपन्या याला सुधारणा म्हणतात. पाय गमावलेल्या रुग्णाला ती दारावर लावलेली कडी वाटते. मराठी वाचकाचा कल तर आधीच एका बाजूला असतो, कारण 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे तो लहानपणापासून ऐकत आलेला आहे. त्यात अनुवादकाने 'सुधारणा' लिहिले की निकाल लागलाच म्हणायचा. उलट टोकाला जाऊन 'निर्बंध' लिहिणे म्हणजे दुसऱ्या पक्षाची वकिली होईल.

म्हणून पहिल्या उल्लेखात 'टॉर्ट रिफॉर्म' हाच शब्द अवतरणात ठेवावा, त्यापुढे 'म्हणजे अपकृत्याच्या दाव्यांतील भरपाईला कमाल मर्यादा घालण्याची आणि असे दावे आटोक्यात आणण्याची मोहीम' असा खुलासा करावा, आणि नंतर 'अपकृत्य कायद्यातील बदल' असे लिहीत जावे. 'सुधारणा' हा शब्द मोहिमेच्या समर्थकांच्या तोंडी आला तर बिनदिक्कत ठेवावा.

राहता राहिले 'अँब्युलन्स चेसर', म्हणजे अपघातग्रस्तांच्या मागे लागून दावे मिळवणारा वकील. याचा शब्दशः अनुवाद हास्यास्पद होईल. लोकांना भांडणास उद्युक्त करून त्यावर पोट भरणाऱ्यासाठी मराठीत 'कज्जेदलाल' हा नामी शब्द पूर्वीपासून आहे. तो शिवीच आहे, मूळ शब्दही शिवीच आहे. परंतु जिंकल्यास साधारण एक तृतीयांश वाटा घेणाऱ्या प्रत्येक अमेरिकन वकिलाला तो लावू नये. तिकडे ती रीतसर फी आहे; आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवण्यास मनाई असल्यामुळे तिच्यासाठी शब्दच घडला नाही. 'वाट्याने घेतलेली वकिली' असे लिहिले, तर अर्धलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, शेत करणे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते तत्काळ कळेल.