त्रिकोणी फलकाने गाडी थांबत नाही

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय हमखास एकच असतो: शाळेपुढचा रस्ता. छत्र्या, रेनकोट, तुंबलेली गटारे आणि त्यातून वाट काढणारी मुले. यंदाच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत.

आमच्या शाळेच्या अलीकडे मुलांचे चित्र असलेला त्रिकोणी फलक आहे. तरी एकही गाडी सावकाश जात नाही. तिथे कायद्याने वेग किती हवा? (एक आई, फोंडा)

आधी फलकाचा आकार पाहा. त्रिकोण म्हणजे सावधगिरीची सूचना. लाल कडेचे वर्तुळ आणि त्यात आकडा असेल तर ती आज्ञा, आणि ती मोडली की दंड. तुमचा त्रिकोण ‘पुढे शाळा आहे’ एवढेच सांगतो. किती वेगाने जायचे, हे तो सांगत नाही.

मग तिथे मर्यादा कोणती? केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ६० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. राज्याने त्याहून कमी मर्यादा ठरवली नसेल, तर शाळेपुढेही हाच आकडा लागू होतो. शाळेच्या फाटकासमोर सत्तर! हे पालकांना सांगताना दर वेळी माझा जीव कासावीस होतो.

यावर उपाय कायद्यातच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ खाली एखाद्या रस्त्यापुरता वेग कमी करता येतो आणि कलम ११६ खाली तसा फलक लावता येतो. गोव्यात अशी अधिसूचना जिल्हाधिकारी काढतात. पालक-शिक्षक संघाने त्यांच्याकडे अर्ज द्यावा आणि त्याची प्रत वाहतूक पोलिसांना व सार्वजनिक बांधकाम खात्याला (साबांखा) द्यावी. अर्जात ‘शाळेजवळ’ असे मोघम लिहू नका. कुठल्या दुकानापासून कुठल्या वळणापर्यंत, शाळा भरण्या-सुटण्याच्या कुठल्या वेळी, हे सगळे नीट मांडा. आणि आकडा ३० च मागा. पायी माणसे आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० हीच कमाल असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात देशांनी मिळून म्हटले आहे. अधिसूचना निघाली आणि वर्तुळ लागले की त्याहून वेगाने जाणाऱ्या हलक्या वाहनाला कलम १८३ खाली एक ते दोन हजार रुपये दंड होऊ शकतो.

तीस आणि पन्नासमध्ये एवढा काय फरक? माझे ब्रेक चांगले आहेत आणि वीस वर्षांत एकही अपघात नाही. तीसने गेलो तर मागचे हॉर्न वाजवून हैराण करतात. (टॅक्सीचालक, बार्देश)

तुमच्या ब्रेकबद्दल मला शंका नाही. प्रश्न ब्रेकवर पाय पडण्याआधीच्या एका सेकंदाचा आहे. मूल दिसले, डोक्याने ओळखले, पाय हलला, यात चांगल्या चालकाचाही साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० ने जाताना त्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी पाच मीटरांत थांबते. म्हणजे एकूण तेरा मीटर. ताशी ५० ने जाताना तोच सेकंद चौदा मीटर खातो.

आता तेरा मीटरांवर एक मूल चेंडूमागे रस्त्यात धावले असे समजा. तीसची गाडी त्याच्या पुढ्यात थांबते. पन्नासची गाडी त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा तुमचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाच नसतो. धडक पूर्ण पन्नासच्या वेगाने बसते. भाऊ, ब्रेक कितीही चांगले असोत, इथे त्यांना संधीच मिळत नाही. आणि हा हिशेब कोरड्या डांबराचा आहे. जुलैतल्या निसरड्या रस्त्यावर थांबायला याहून जास्त अंतर लागते.

वेळेचेही बघू. शाळेपुढचा तीनशे मीटरांचा पट्टा पन्नासने बावीस सेकंदांत संपतो, तीसने छत्तीस. चौदा सेकंद जास्त. मागच्याला हॉर्न वाजवू द्या.

आमचा वॉचमन हातात ‘थांबा’ची पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देतो. परवा एका गाडीवाल्याने त्याला विचारले, ‘तुला कोणी अधिकार दिला?’ तो बिचारा गप्प झाला. (पालक-शिक्षक संघाचे सदस्य, मडगाव)

वॉचमनकडे गाड्या अडवण्याचा अधिकार नाही, हे खरे. वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळणे कलम ११९ ने बंधनकारक आहे, वॉचमनचा नाही. ब्रिटनमध्ये अशा माणसांना १९५३ च्या कायद्याने गाड्या थांबवण्याचा अधिकार दिला. आपल्याकडेही तसा हवा, असे माझे ठाम मत आहे. तोवर शाळा सुटण्याच्या वेळेला पोलीस किंवा होमगार्ड देण्याची लेखी मागणी पोलीस ठाण्याकडे करा.

पण त्या गाडीवाल्याला सांगण्यासारखे उत्तर वॉचमनकडे होते. वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर चालकाने वेग कमी करून, थांबून, पायी माणसाला वाट द्यायचीच असते, मग तिथे पाटीवाला असो वा नसो. म्हणून वॉचमनला झेब्रावरच उभे करा. झेब्रा नसेल तर आधी तो मागा.

कसे उभे राहायचे, हेही त्याला कोणीतरी शिकवायला हवे. आपण एक पाटी हातात देतो आणि विसरून जातो. मुलांना काठावर, त्याच्या पाठीमागे थांबवून ठेवायचे. वाहतुकीत फट दिसली की त्याने एकट्याने आधी रस्त्यात जायचे, पाटी उंच धरायची, दोन्ही बाजूंच्या गाड्यांची चाके थांबलेली स्वतः पाहायची आणि मगच मुलांना बोलवायचे. शेवटचे मूल पलीकडे पोचेपर्यंत त्याने मधून हलायचे नाही. चालत्या गाडीसमोर झेपावून तिला थांबवायचे नाही, आणि ‘या, या’ म्हणत गाड्यांना हातवारेही करायचे नाहीत. ते पोलिसाचे काम. पावसात त्याला छत्री नको. छत्रीने एक हात अडकतो आणि समोरचे झाकले जाते. चमकत्या पट्ट्यांचा रेनकोट घेऊन द्या. एवढा खर्च संघाला जड जाऊ नये.

कोणी काही करत नाही म्हणून गावातल्या मुलांनी शाळेपुढे स्वतःच सिमेंटचा गतिरोधक घातला. बरोबर केले ना? (वाळपई)

त्यांची तळमळ समजते, पण नाही. उंच, अरुंद आणि न रंगवलेला गतिरोधक रात्री दुचाकीस्वाराला थेट आडवा करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ ने गेलात तर त्यावर फारसा धक्का बसत नाही, वेगाने गेलात तर चांगलाच बसतो. शाळेपुढे माझी पसंती उंचावलेल्या झेब्राला, म्हणजे गतिरोधकाच्याच माथ्यावर रंगवलेल्या पट्ट्यांना. गाडी चढावावर आपोआप मंदावते आणि मूल चालकाच्या नजरेच्या टप्प्यात येते. भाड्याची स्कूटर घेऊन आलेल्या पर्यटकाला शाळा कधी सुटते ते ठाऊक नसते. त्याला हा चढावच सांगतो.

रस्ता साबांखाचा की पंचायतीचा, हे आधी विचारून घ्या. मग रविवारच्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची इतिवृत्तात नोंद झाली की नाही तेही पाहा.

मी सहावीत आहे. बालरथमधून उतरते तिथे झेब्रा नाही. मला पलीकडे जायचे असते. मैत्रिणी बसच्या पुढून पळत जातात. मी काय करू? (म्हापशाजवळच्या एका गावातून)

बाळ, तू विचारलेस हे फार चांगले केलेस. बसच्या पुढून जायचे नाही आणि पाठीमागूनही नाही. बस एवढी मोठी असते की तिला ओलांडून येणारी स्कूटर तुला दिसत नाही आणि तिलाही तू दिसत नाहीस. उतरलीस की रस्त्यापासून दोन पावले मागे उभी राहा आणि बस निघून जाऊ दे. मग दोन्हीकडे लांबपर्यंत दिसते आहे का ते बघ. वळण असेल किंवा कोणी गाडी उभी करून ठेवली असेल, तर थोडी चालत मोकळ्या जागी ये. गाडी येत असेल तर ती थांबलेली स्वतः पाहा. चालकाने हात केला तरी तेवढ्यावर निघू नकोस, कारण त्याच्या बाजूने दुसरी गाडी पुढे येऊ शकते. पाऊस असेल तर छत्री डोळ्यांवर येऊ देऊ नकोस.

मैत्रिणींनाही सोबत थांबव. आणि हे पत्र आईबाबांना दाखव. बसथांबा झेब्राजवळ हलवावा, असा अर्ज त्यांना मुख्याध्यापकांकडे देता येईल.