टाकीत शाई आहे पण काळं उमटत नाही? आधी क्लीनिंग थांबवा

इंक टँक प्रिंटरची टाकी अर्ध्याच्या वर भरलेली, रंगीत झकास येतंय, काळं मात्र पट्ट्यापट्ट्यांनी किंवा कोरंच, आणि तुम्ही ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकून आता हेड क्लीनिंग, म्हणजे कागदावर शाई सोडणारं हेड साफ करायची प्रिंटरमधली सोय, लागोपाठ मारत बसलाय. ते पहिलं बंद करा. प्रत्येक क्लीनिंगला हेडमधून शाई ओढली जाते आणि ती आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये जाते, तो भरला की प्रिंटर छापायलाच नकार देतो, मग आगीतून फुफाट्यात.

कॉम्प्युटर बाजूला ठेवा, प्रिंटरच्याच बटनांवरून नोझल चेक काढा, म्हणजे हेडची बारीक छिद्रं (नोझल) शाई सोडतायत का ते दाखवणारा रेघांचा नमुना. त्यातही काळ्या रेघा तुटक असतील तर ड्रायव्हर, वायफाय, विंडोज सगळे निर्दोष, त्यांच्या नादी लागू नका.

आता तो कागद फेकू नका, एक क्लीनिंग करून दुसरा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून नीट बघा. रेघा दोन्हीकडे अगदी त्याच जागी तुटल्या असतील तर बहुतेक नोझलमध्ये शाई सुकलीय. जागा बदलत असतील, म्हणजे मघाशी वर गॅप होती आता खाली आहे, तर टाकीपासून हेडपर्यंतच्या नळीत हवा शिरलेली असण्याची शक्यता जास्त. दोन्हीवर पहिला उपाय एकच, प्रिंटर बंद करून रात्रभर हात लावायचा नाही, सुकलेली शाई जरा भिजते, बुडबुडे बसतात, मग सकाळी एक क्लीनिंग. कंटाळवाणं आहे पण लागोपाठ दहा क्लीनिंगपेक्षा हे बरं. तरी नाहीच झालं तर पॉवर क्लीनिंग, म्हणजे जास्त जोराने शाई ओढणारं क्लीनिंग, पण सगळ्या टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाहीतर शाईऐवजी हवाच ओढली जाईल. हेडमध्ये सुई-बिई घालायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा.

काळंच का अडतं, तर बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, आणि बाकीचे रंग डायचे, विरघळलेले. पिगमेंट सुकलं की जास्त चिवट. त्यामुळे आज अर्जंट प्रिंट हवी असेल तर सेटिंगमध्ये पेपर टाइप फोटो पेपर निवडून बघा, अशा प्रिंटरमध्ये मग काळा रंग बाकीच्या तीन शाया मिसळून तयार होतो, थोडा तपकिरी दिसेल पण वाचता येईल.

आणि भिंतीवरचं बटन दाबून प्रिंटर बंद करायची सवय असेल तर सोडा. प्रिंटरच्या स्वतःच्या बटनाने बंद केला की हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं, करंट मध्येच तोडला तर ते उघडंच राहू शकतं आणि सुकतं.