शेततळ्याचे अनुदान: आधी जागा बघा, मग जेसीबी बोलवा

माण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारले आहे: "माझी दोन एकर हलकी जमीन आहे. जेसीबीवाला सध्या मोकळा आहे, दरही कमी लावतो म्हणतो. तळे आत्ताच खोदून घेतो, अर्ज नंतर भरतो. 75 हजार मिळतील ना?"

दादा, जेसीबी थांबवा. कृषी विभागाच्या पूर्वसंमतीआधी खोदलेल्या तळ्याला अनुदान मिळत नाही, आणि अशी फाईल परत जाताना बघून मलाही वाईट वाटते. आधी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असू द्या. निवड झाली की सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) जागा पाहून आखणी करून देतील, त्यानंतरच खोदाई. पैसे काम झाल्यावर, मोजमाप होऊन, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. म्हणजे सुरुवातीचा खर्च तुम्हालाच उभा करावा लागेल, त्याची तजवीज ठेवा. 75 हजार ही कमाल मर्यादा आहे. तळे लहान असेल तर रक्कमही कमी. किमान 0.40 हेक्टर जमिनीची अट तुमच्या दोन एकरांत सहज बसते. फक्त पूर्वी 'मागेल त्याला शेततळे' किंवा दुसऱ्या कोणत्याही सरकारी योजनेतून शेततळ्याचा लाभ घेतलेला नसावा.

आता जागेचे. अनुदानापेक्षा मला याचीच जास्त काळजी आहे. पावसाळ्यात शेतातले पाणी कुठून वाहत येते, ते बांधावर उभे राहून बघा. तळे त्या उताराच्या खालच्या अंगाला हवे, पण ओढ्याच्या पात्रात नको. पाणी आत येते त्या तोंडाशी गाळ अडवायला छोटा खड्डा करा आणि जादा पाण्याला सांडवा ठेवा. निव्वळ मुरूम लागला तर पाणी टिकणार नाही. प्लास्टिकच्या अस्तराचा खर्च आधीच हिशेबात धरा.

30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराच्या तळ्यात साधारण 2,196 घनमीटर पाणी मावते. एक हेक्टरला 5 सेंटीमीटरचे एक पाणी द्यायला 500 घनमीटर लागते. तळे पूर्ण भरले तर बाष्पीभवन वजा जाता तुमच्या दोन एकरांना तीन-चार संरक्षित पाणी, म्हणजे पावसाने ओढ दिली की पीक वाचवणारी पाणी, निघू शकतात. ज्वारी पोटरीत असताना मिळालेले एक पाणीसुद्धा पीक हातात आणते.

बोअर उपसून तळे भरायचे मात्र मनातही आणू नका. जमिनीत सुरक्षित असलेले पाणी वर काढून उन्हात वाळवण्यासारखे ते आहे, आणि त्याने शेजारच्या विहिरी आटतात. ही योजना पावसाचे पाणी धरायला आहे.

दुसरा प्रश्न ठिबकचा: "80 टक्के अनुदान आहे, मग माझ्या बिलाच्या 80 टक्के का आले नाहीत?" ही टक्केवारी दुकानाच्या बिलावर नसून शासनाने ठरवलेल्या मापदंडावर, म्हणजे ठरावीक खर्चावर, काढतात. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना 80, इतरांना 75 टक्के. खरेदीआधी मापदंड विचारून घ्या.

आणि ज्यांच्या तळ्यात प्लास्टिकचे अस्तर आहे त्यांनी आजच कुंपण करा. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा, हवेची ट्यूब बांधून ठेवा. ओल्या प्लास्टिकवरून पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही, लेकरांची तर गोष्टच सोडा.