पुच म्हणजे धडक

प्रश्न असा आलाय: 'मार्च १९२० मध्ये बर्लिनमध्ये वोल्फगांग काप आणि जनरल ल्युटवित्स यांनी सरकार उलथवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. जर्मनमध्ये त्याला पुच म्हणतात. मराठीत काय म्हणायचं, उठाव, बंड की तख्तापलट? आणि उच्चार नेमका काय?'

तख्तापलट तर नकोच नको. टीव्हीवर ऐकून ऐकून कान किटलेत. हिंदीतून जसाच्या तसा उचललाय, मराठीत 'पलट' नसतो, 'पालट' असतो, खांदेपालट, हवापालट, सत्तापालट. वर त्यात सिंहासनाचं तख्त आहे असं ठासून सांगणारे भेटतात, त्यांनी जरा 'तख्ता'चा काना बघावा. फारसीत तख्त म्हणजे सिंहासन आणि तख्ता म्हणजे फळी, आपला शाळेच्या भिंतीवरचा तक्ता त्याच फळीचा. हिंदीवाले फळी उलटवतात आणि आपण तिला सिंहासन समजून बसलोय. बरं सत्तापालट म्हणावं, तर काप शनिवारी १३ मार्चला चॅन्सेलरीत, म्हणजे सरकारप्रमुखाच्या कचेरीत, शिरला आणि बुधवारी १७ तारखेला पळाला, सत्ता पालटली कुठे?

उठाव हा शब्द मात्र फार जपून वापरायला हवा. उठाव म्हटलं की मराठी माणसाच्या मनात १८५७ येतं, खालून वर उठणारी माणसं येतात. इंग्रज त्याला बंड म्हणायचे आणि आपण हट्टाने उठाव म्हणतो ते याचसाठी. कापच्या बाजूने कोण उठलं होतं? एरहार्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याची ब्रिगेड, स्वयंसेवक सैनिकांची. व्हर्सायच्या तहामुळे सैन्य कमी करायचं होतं म्हणून सरकारने ती मोडायचा हुकूम काढला, तर ही मंडळी डेबेरित्सच्या छावणीतून रातोरात चालत बर्लिनमध्ये आली, कित्येकांच्या हेल्मेटवर स्वस्तिक. खरे उठले ते समोरचे लोक. सरकार आधी ड्रेस्डेनला आणि मग स्टुटगार्टला निघून गेलं आणि इकडे सार्वत्रिक संप झाला, नळाला पाणी नाही, दिवे नाहीत, ट्राम नाही, कारकून खुर्चीवर नाही, आणि राइशबँक, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, कापला पैसे देईना. संपाने पाच दिवसांत त्याला घालवला. तेव्हा उठाव म्हणायचंच असेल तर त्या संपाला म्हणा.

बंड चालेल, पण अर्ध्यापुरतं. ल्युटवित्सने वरचा हुकूम धुडकावला, ते बंडच. पण राजधानीत घुसून खुर्ची बळकावणं त्यात येत नाही.

आता मूळ शब्द, कारण खरी मजा तिथे आहे. पुच बर्लिनचाही नाही आणि म्युनिकचाही नाही, तो स्वित्झर्लंडचा. तिथल्या बोलीत पुच म्हणजे धक्का, टक्कर, धडक. १८३९ मध्ये झुरिकच्या सरकारने डेव्हिड फ्रीडरिश श्ट्राउस या पंडिताला विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवायला नेमलं. हा माणूस येशूच्या चमत्कारांना दंतकथा म्हणणारा, त्यामुळे खेड्यापाड्यातले श्रद्धाळू लोक भडकले. त्याला रुजू व्हायच्या आधीच पेन्शन देऊन मोकळं केलं तरी लोक शांत होईनात, आणि ६ सप्टेंबरला हिर्त्सेल नावाच्या पाद्रीच्या मागे शेतकरी भजनं म्हणत शहरात शिरले. तो झुरीपुच, आणि तिथूनच हा शब्द सगळ्या जर्मनमध्ये पसरला. जत्रेत आपण एकमेकांवर आपटायच्या ज्या डॅशिंग कारमध्ये बसतो ना, त्यांना स्विस लोक आजही पुचआउटो म्हणतात! मला हे कळलं तेव्हा दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होतो.

आणि म्हणूनच तो नियम खोटा आहे, जो मोठमोठे अभ्यासकही बिनधास्त सांगतात, की सत्ता बळकावायचा प्रयत्न यशस्वी झाला तर कू (फ्रेंचमधला 'कू देता') आणि फसला तर पुच. झुरिकचं सरकार त्या दिवशी पडलं! पहिलाच नावाजलेला पुच यशस्वी झालाय, तर फसणं हा अर्थ शब्दात आला कुठून? तो चिकटला १९२० चा कापचा आणि १९२३ चा हिटलरचा पुच फसल्यामुळे, मागाहून. फ्रेंच 'कू' म्हणजेही घाव, ग्रीकमधल्या थपडेच्या शब्दापासून आलेला. जर्मनमधला दुसरा शब्द श्टाट्सश्ट्राइश, म्हणजे राज्यावरचा फटका. तिन्हीकडे मारच आहे, म्हणून माझं ठाम मत, मराठीत 'धडक' म्हणा. लष्करी धडक, कापची धडक. कुणी म्हणेल धडक मोर्चाशी घोळ होईल, नाही होत, मोर्चा कचेरीच्या फाटकाशी थांबतो, हे आत घुसले.

धडक म्हटलं की पुढचं राजकारणही नीट दिसतं, कारण बर्लिनमध्ये धडक फसली पण भिंत म्युनिकची पडली. त्याच गडबडीत म्युनिक ज्याची राजधानी त्या बव्हेरिया प्रांतातलं समाजवादी सरकार गेलं आणि उजव्या विचारांचा गुस्टाफ फोन कार आला. जूनच्या निवडणुकीत प्रजासत्ताकाच्या बाजूच्या आघाडीने बहुमत गमावलं, समाजवादी ३७.९ टक्क्यांवरून २२ च्या आसपास आले. शिक्षा फक्त एकाला झाली, कापचा गृहमंत्री यागो याला, पाच वर्षं किल्ल्यातली कैद. काप स्वीडनहून परतला तो १९२२ मध्ये खटल्याआधीच कोठडीत मेला. एरहार्टची माणसं म्युनिकला जमली आणि त्यांच्या गुप्त संघटनेने १९२१ मध्ये माजी अर्थमंत्री एर्त्सबर्गर आणि १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री राटेनाउ यांचे खून केले. नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने सत्ता बळकावायला म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये घुसून छताकडे गोळी झाडली तेव्हा व्यासपीठावर होता तोच कार.

त्या रात्री हिटलर ओरडला होता की राष्ट्रीय क्रांती सुरू झालीय. त्यामुळे 'म्युनिकची फसलेली क्रांती' असं लिहिलेलं दिसलं की मला संताप येतो, अहो, तो त्याचा शब्द आहे, आपण कशाला वापरायचा?

उच्चार राहिलाच. पुच, उ ऱ्हस्व, च चहातला, चमच्यातला नव्हे. 'पुट्श' लिहू नका, शेवटची चार रोमन अक्षरं मिळून जर्मन माणूस एकच च म्हणतो.