सॉफ्टवूड, हार्डवूड आणि राखेचा हिशोब

प्रश्न: आम्ही अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला राहतो. घर घेतलं त्यात पेलेट स्टोव्ह होता, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या छोट्या कांड्या (पेलेट) जाळून घर गरम करणारा, पहिला हिवाळा पेलेटच्या ४० पौंडांच्या सुट्या पिशव्या आणून निभावला. आता एकदम एक टन घ्यायचाय. शेजारचे आजोबा म्हणतात हार्डवूडचेच (ओक-मेपलसारख्या झाडांचे) घ्या, जास्त वेळ पुरतं. दुकानातला मुलगा म्हणतो सॉफ्टवूड (पाइनसारख्या झाडांचं) जास्त गरम, पण ते महाग आहे. आमचे हे म्हणतात शेवटी सगळा भुसाच, स्वस्तातलं घे. कोणाचं ऐकू?

उत्तर: तुमच्या ह्यांचं अर्धं बरोबर आहे, भुसाच तो, आणि म्हणूनच आजोबांचं इथे लागू होत नाही. ओंडके जाळायचे असते तर ओक-मेपल घ्या असंच मीही म्हटलं असतं, लाकूड घट्ट, एका ओंडक्यात वजन जास्त. पण पेलेट बनवताना भुसा वाळवून साच्यातून इतक्या दाबाने काढतात की दोन्हीची घनता जवळपास सारखीच होते, आणि लाकडातलंच लिग्निन गरम होऊन डिंकासारखं सगळं धरून ठेवतं. उलट सॉफ्टवूडमध्ये राळ आणि लिग्निन जास्त, त्यामुळे पौंडामागे उष्णता थोडी जास्तच मिळते. राळेने चिमणी चोंदते वगैरे भीती ओल्या ओंडक्यांची, ती इथे आणू नका.

म्हणजे दुकानातला मुलगा बरोबर, पण तो फरक थोडासाच. खरा फरक पडतो राखेत. पिशवीवर पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटचा म्हणजे पीएफआयचा शिक्का आहे का बघा. त्यांच्या प्रीमियम ग्रेडला राख १ टक्क्यापर्यंत, ओलावा ८ टक्क्यांपर्यंत आणि चुरा ०.५ टक्क्यापर्यंत चालतो. शिक्का नसताना नुसतं मोठ्या अक्षरात ‘प्रीमियम’ छापलं असेल तर ती जाहिरात समजा. युरोपातला ईएनप्लस ए१ हा पेलेटचा दर्जा अजून कडक, तिथे राखेला ०.७ टक्क्यापर्यंतच परवानगी. तुमचा टन २००० पौंडांचा, म्हणजे १ टक्का राखेचे २० पौंड झाले आणि ०.४ टक्क्याचे ८, आता रोज सकाळी बर्न पॉट (पेलेट जळतात ते भांडं) कोण साफ करतं त्यालाच विचारा हा फरक केवढा ते. शिवाय मालात झाडाची साल, माती-वाळू आली असेल तर ती राख वितळून कडक खडे होतात, त्याला क्लिंकर म्हणतात, ते हवेची भोकं बुजवतात, मग ज्योत मंद नारिंगी होते, काच काळी पडते आणि लोक स्टोव्ह बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावतात.

टन घेण्याआधी दोन-तीन ब्रँडच्या थोड्या थोड्या पिशव्या आणा. स्टोव्ह साफ करून एकाच सेटिंगवर प्रत्येकाच्या सारख्याच पिशव्या जाळा, राख पूर्ण थंड झाली की काट्यावर वजन करा (राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच, निखारे आत बराच वेळ जिवंत राहतात). पिशवीच्या तळाचा चुरा जुन्या पिठाच्या चाळणीने चाळून बघा. दीड इंचाच्या वरचे लांब तुकडे बरेच निघाले तर तेही नको, ते हॉपरमध्ये (स्टोव्हच्या पेलेट भरायच्या टाकीत) आडवे अडकतात. ग्लासभर पाण्यात पेलेट टाकायची टेस्ट लोक करतात, घट्ट असेल तर बुडतो, एवढंच कळतं, राखेबद्दल काही नाही. आणि निवडलेला माल लगेच घ्या, कारण त्याच ब्रँडचा पुढच्या वर्षीचा माल वेगळा निघू शकतो.

प्रश्न: मागच्या वर्षीच्या चार पिशव्या गॅरेजमध्ये भिजल्या, वाळवून वापरू का?

उत्तर: नको. एकदा फुगून भुसा झाला की तो पुन्हा पेलेट होत नाही, आणि स्टोव्हमध्ये टाकला तर पेलेट पुढे ढकलणारा ऑगर जाम होतो. बागेत पसरा. नव्या पिशव्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांच्या चौकटीवर (पॅलेटवर) ठेवा, भिंतीपासून जरा लांब.